शिंपल्यांवर लिहिणारी मुलगी

कतारमध्ये असताना संशय घेणं हीच माझी नोकरी होती आणि त्याचा दरमहा पगार मिळायचा. घरी हेच काम मी आयुष्यभर फुकट करत आले होते, त्यामुळे निवड झाली याचं मला तरी नवल वाटलं नाही.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची दोहात शाखा होती. आमचे हे गॅसच्या कंपनीत, मुलगी लग्न होऊन परदेशी गेलेली, मी पन्नाशी ओलांडलेली. दुपार खायला उठायची म्हणून मी शाखेच्या संशोधन कार्यालयात लागले. तिथले प्राध्यापक मुख्य विद्यापीठाबरोबर अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे अनुदान मागायचे. ऑफिसात त्याला फेडरल ग्रँट म्हणत, आणि म्हणताना सगळ्यांचा आवाज जरा खाली यायचा. त्या अर्जाला प्रत्येक संशोधकाचा बायोस्केच जोडावा लागे. शिक्षण कुठं झालं, नोकऱ्या कुठं केल्या, छापून आलेल्या लेखांतले निवडक कोणते. आपल्याकडे लग्नाच्या मुलीची माहिती पाठवतात ना, थेट तसला कागद. फक्त उंची आणि वर्ण नसायचा.

शिवाय प्रत्येक संशोधकाचा एक क्रमांक असायचा. सोळा आकडे, आणि त्याखाली त्या माणसाचे जगभर छापलेले सगळे लेख जोडलेले. बायोस्केचमध्ये लिहिलेलं आणि क्रमांकाखाली दिसणारं जुळतंय का, हे मी बघायचं. शेवटी संशोधकाची सही: वरचं सगळं खरं आहे, खोटं निघालं तर शिक्षेस पात्र. ही ओळ मला इतकी आवडायची की मी ती प्रत्येकाला बोट ठेवून दाखवायचे. आज आठवलं की त्या बाईच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते. पण ती बाई मीच, आणि कान अजून माझेच आहेत.

माझी शिकार काही वाईट नव्हती. एका प्राध्यापकांनी छापून न आलेला लेख छापलेल्यात घुसवला होता. दुसरे पासवर्ड विसरले म्हणून त्यांनी नवा क्रमांक घेतला, तो विसरले म्हणून आणखी एक. जगाच्या हिशेबी ते तीन अर्धवट माणसं होते. मी त्यांना एक केलं. आमचे साहेब लेबनॉनचे, माझ्याहून बरेच लहान, सगळ्या जगावर विश्वास ठेवून बसलेले. फाइल माझ्या टेबलावर अडली की ते दाराशी येऊन हळूच म्हणायचे, "यल्ला, मॅडम." म्हणजे चला, आटपा. मी चष्म्यावरून बघितलं की परत जायचे.

तो काळही संशयाचाच होता. फुटबॉलचा वर्ल्ड कप यायचा होता आणि त्याच्यासाठी अख्खं शहर उकरून ठेवलं होतं. काल घेतलेला यू-टर्न आज नसायचा. मेट्रो सुरू झाली होती, तरी स्टेशनपर्यंत पोचायला आधी गाडी काढावी लागायची. गणपतीला आरती संपून प्रसादाचे द्रोण हातात आले की बायकांचा एकच विषय: वर्ल्ड कप झाल्यावर काय? कुणाचा करार वाढला, कुणाचा नाही? वेस्ट बेच्या उंच इमारतींत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एखाद्यानं पुण्याच्या फ्लॅटला रंग काढला असं कळलं, की आम्ही एकमेकींकडे बघायचो. करार संपला की व्हिसा संपला, हे तिथं पोरासोरांनाही ठाऊक होतं.

त्या वर्षी डॉक्टर आल्या. म्हणजे औषधाच्या नव्हेत, समुद्रातल्या जीवांच्या. चाळिशीच्या, बारीक, उन्हानं रापलेल्या. उत्तरेला अल रुवैसच्या समुद्रात त्यांनी मोत्यांच्या शिंपल्यांच्या पेट्या सोडल्या होत्या. पाणी तापत चाललंय, त्यात शिंपले कसे तग धरतात ते त्या बघत होत्या. बोलायच्या इंग्रजीतच, तेही मोजकं. आडनाव असं, की गुजराती म्हणा, कानडी म्हणा, कुणालाही शोभावं. मी ठरवलं, गुजराती. कशावरून? चहात साखर जास्त घ्यायच्या, यावरून. एवढ्या पुराव्यावर मी माणसाचं राज्य ठरवत असे.

साहेबांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की डॉक्टरांचा करार उन्हाळ्यापर्यंतच आहे. मुख्य विद्यापीठाच्या अर्जात त्यांचं नाव गेलं तर शाखा करार वाढवील. नाही गेलं तर त्यांना देश सोडावा लागेल, आणि त्या पेट्या समुद्रात तशाच. म्हणून, मॅडम, जरा लवकर.

मी लवकरच केलं. बायोस्केच उघडला आणि पहिल्याच पानावर थांबले.

निवडक लेखांतले दोन त्यांचे नव्हतेच. लेखिका भलतीच होती. पहिलं नाव वेगळं, आडनावही वेगळं, आणि आडनाव तर शंभर टक्के आपलं, कोकणातलं. लेख रत्नागिरीकडच्या खाडीतल्या शिंपल्यांवरचे. मी क्रमांकाखालची यादी काढली. तिथं त्या मुलीचे आणखी लेख डॉक्टरांच्या नावावर जोडलेले. घाईत झालं असेल म्हणावं, तर लेखामागून लेख, सगळे व्यवस्थित ओढून घेतलेले.

माझ्या अंगात काय शिरलं ते आता सांगताना हसू येतं. आपली एक गरीब मराठी मुलगी चिखलात गुडघाभर उभी राहून शिंपले मोजते, आणि ही साखरवाली बाई तिची मेहनत वातानुकूलित खोलीत बसून स्वतःच्या नावावर लावते. मी त्या मुलीची पाठराखीण झाले. तिला मनात 'आमची मुलगी' म्हणू लागले.

मग शोध. आमच्या मुलीचा शेवटचा लेख एका वर्षी छापला होता आणि त्यानंतर ती कुठंच नव्हती. ना कॉलेजच्या पानावर, ना कुठल्या परिषदेत. आणि डॉक्टरांच्या नावाचा पहिला लेख त्याच्या पुढच्याच वर्षीचा. त्याआधी डॉक्टर कुठंच नव्हत्या. एक नाहीशी होते आणि दुसरी उगवते. शिवाय दोघींच्या लेखांवर सहलेखक एकच, रत्नागिरीचे कुणी प्राध्यापक. म्हणजे ते सामील. मी पेन्सिलीनं त्यांच्या नावाभोवती गोल केला आणि बाजूला प्रश्नचिन्ह न काढता उद्गारचिन्ह काढलं.

हे वाचणारीनं आत्तापर्यंत कपाळावर हात मारला असेल. मारा. मीही नंतर मारला.

माझी नणंद चिपळूणला असते. तिला कोकणातली सगळी घरं माहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसातूनच तिला फोन लावला. समोर डॉक्टर बसल्या होत्या. सहीसाठी आल्या होत्या आणि मी त्यांना मुद्दाम ताटकळत ठेवलं होतं. गुजराती बाईसमोर मराठी बोलायला कसली भीती?

"वन्सं," मी म्हटलं, "खाडीतल्या शिंपल्यांवर लिहिणारी एक मुलगी होती हो रत्नागिरीला. हुशार. मग एकदम गायबच झाली. मेली की काय कोण जाणे. आणि तिचं सगळं काम इथं एका बाईनं लाटलंय. माझ्या समोरच बसलीय, चहा पितेय."

वन्सं म्हणाल्या, "लग्न झालं असेल हो तिचं."

"इश्श्य. लग्न झालं म्हणून कुणी गायब होतं का?"

डॉक्टरांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे टिशू मागितला. मी दिला. त्यांनी तोंडावर धरला, थोडा जास्तच वेळ. सर्दी झाली असावी, असं मी त्या वेळी ठरवलं.

त्याच दुपारी मी मुख्य विद्यापीठात माझंच काम करणाऱ्या जोडीदारणीला ई-मेल केला. या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं, पण आमचं पत्रांतून छान जमायचं, कारण तीही कुणावर विश्वास ठेवत नसे. मी लिहिलं, एका संशोधकाची ओळख पटवायची आहे, तोवर हा बायोस्केच जोडू नये. तिचं उत्तर झोपायच्या आत आलं. अर्ज सोमवारी जाणार, तोवर उलगडा झाला नाही तर त्यांचं नाव वगळून पाठवू.

मला वाटलं, न्याय मिळाला.

सकाळी साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा विश्वास पहिल्यांदाच जरा हलला. त्यांनी एवढंच विचारलं, की तुम्ही डॉक्टरांना विचारलंत का? मी म्हटलं, चोराला कुणी विचारतं का? ते म्हणाले, विचारावं, कारण सोमवारी त्यांची नोकरी जाते. फोन लावले तर डॉक्टर समुद्रावर, फोन बंद. गुरुवार होता. पुढे शुक्रवार-शनिवार सुट्टी.

म्हणून शुक्रवारी सकाळी मी यांना गाडी काढायला लावली. अल रुवैस म्हणजे देशाचं वरचं टोक, त्यामुळे वाटेत बोलायला भरपूर वेळ. अल खोरजवळ ते तंबूसारखं अवाढव्य स्टेडियम लांबूनच दिसायला लागलं. मी यांना खटल्याची सगळी हकिकत ऐकवली: नाहीशी झालेली मुलगी, पुढच्याच वर्षी उगवलेली बाई, सामील प्राध्यापक. हे गाडी चालवत होते. सगळं ऐकून म्हणाले, "तुझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर काय नाव आहे गं?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"काही नाही," असं म्हणून यांनी एसी वाढवला.

आता खरं म्हणजे तिथंच गाडी वळवायला हवी होती. पण मी यांना काहीच विचारलं नाही, कारण मला यांचाही एक जुना संशय होता: घरी शाकाहारी, पण बाहेर गेले की मासे खातात. अल रुवैसला यायला इतक्या आनंदानं कसे तयार झाले, हे मी मनातल्या मनात तपासत होते.

धक्क्यावर लाकडी होड्या लागलेल्या. एका कडेला कोळी मासे भाजत बसले होते. वास आल्याबरोबर हे 'जरा पाय मोकळे करतो' म्हणून तिकडे गेले. डॉक्टर धक्क्याच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. पुढे पाण्यातून काढलेली पेटी, हातात बोथट सुरी. शिंपल्यांवर चढलेलं शेवाळ त्या खरवडत होत्या. मी कागद पुढे केले, आमच्या मुलीच्या नावावर बोट ठेवलं आणि माझ्या सर्वांत कडक इंग्रजीत विचारलं, ही बाई कोण?

त्यांनी हातातला शिंपला पूर्ण साफ केला, पेटीत ठेवला, आणि मग बोलल्या. मराठीत.

"ती मीच, काकू. आणि चिपळूणच्या वन्संना कळवा, मेलेली नाहीय म्हणावं."

मी पायरीवर बसले.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. लग्न झालं तेव्हा तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं. सासूबाईंच्या आवडीचं. आडनाव बदलणारच होतं, पहिलंही गेलं. पुढचं शिक्षण, पासपोर्ट, पुढचे सगळे लेख त्या नव्या नावानं. मग ते घर सुटलं, तिकडचं माणूसही सुटलं. नाव सुटेना, कारण सगळी कमाई त्याच नावावर झालेली. आणि आधीची कमाई जुन्या नावावर, जिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. कतारला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणी मराठी बाई भेटली. तिनं पाच मिनिटांत माहेर, सासर, मिस्टर कुठं आणि मुलं किती, हे सगळं विचारलं. त्या दिवसापासून डॉक्टरांनी मराठी बोलणं बंद केलं. सोप्पं पडतं, म्हणाल्या.

"मग माझ्यासमोर इतके दिवस..."

"तुम्ही फोनवर छान बोलता," त्या म्हणाल्या. "माझी करमणूक व्हायची. मी गुजराती आहे, हे मला तुमच्याकडूनच कळलं."

आता ताटातले तांदूळ काही माझ्यासाठी नवे नव्हते. पुण्याला माझ्याही ताटात अंगठी फिरली होती. शाळेत मी एक, लग्नानंतर दुसरीच. पासपोर्टच्या वेळी राजपत्रात नाव छापून आणलं होतं, आणि तो सरकारी कागद मी लग्नाच्या फोटोंसोबत प्लास्टिकच्या फोल्डरात कतारपर्यंत आणला होता. वीस वेळा त्याच्या झेरॉक्स काढल्या. आणि तीच मी फोनवर विचारत होते, लग्न झालं म्हणून कुणी गायब होतं का. वन्संनी एका वाक्यात केस सोडवली होती. यांनी गाडीत अर्ध्या वाक्यात. मला मात्र सुरी, शेवाळ आणि प्रत्यक्ष मृत व्यक्तीची साक्ष लागली.

पण सोमवार तोंडावर होता. मी डॉक्टरांना ई-मेलचं सांगितलं. त्यांच्या हातातली सुरी थांबली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेटीकडे बघत विचारलं, मग या शिंपल्यांचं काय करू, परत पाण्यात सोडू का उचलून घेऊ? आयुष्यात इतका साधा प्रश्न मला कुणी विचारला नसेल. मी म्हटलं, सोडा पाण्यात. बाकीचं मी बघते.

बघणं सोपं नव्हतं. त्यांच्या लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि दोन्हींना जोडणारं प्रतिज्ञापत्र त्या सुटलेल्या घराच्या कपाटात. ते मागायला त्या जाणार नव्हत्या, आणि मी त्यांना जा म्हणणार नव्हते. मग मला माझा 'सामील' प्राध्यापक आठवला. दोन्ही नावांच्या मुलीला ज्यांनी शिकवलं होतं असे जगात तेच एक. रत्नागिरीला फोन केला. गृहस्थ निवृत्त झालेले, आवाज थकलेला. मी कोण, कुठून बोलतेय, हे नीट ऐकूनही घेतलं नाही. फक्त म्हणाले, "ती शिंपले मोजते का अजून?" त्यांनी त्याच दिवशी लिहून पाठवलं, की दोन्ही नावांची विद्यार्थिनी एकच, आणि दोन्ही नावांनी ती वेळेवर काम देत असे.

मुख्य विद्यापीठातल्या जोडीदारणीला मात्र मलाच लिहावं लागलं. तांदळाचं ताट इंग्रजीत उतरवून बघा कधी. मी लिहिलं, आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, आणि पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलतात. ही फसवणूक नसून समारंभ आहे. पुरावा म्हणून माझीच कागदपत्रं जोडली: शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, राजपत्र, पासपोर्ट. खाली साहेबांनी सही केली. सही करताना ते पहिल्यांदाच माझ्या कागदांकडे संशयानं बघत होते. त्यांनी विचारलं, मग मॅडम, तुम्हाला नक्की काय म्हणायचं?

तिचं उत्तर रविवारी आलं. पहिल्या ओळीत एवढंच होतं: पहिलं नावसुद्धा?

दुसऱ्या ओळीत होतं की प्राध्यापकांचं पत्र पुरेसं आहे, मात्र क्रमांकाच्या नोंदीत जुनं नाव 'इतर नावं' या रकान्यात दिसायला हवं, सगळ्यांना, उघड.

डॉक्टर माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. रकाना उघडला. उघड म्हणजे कुणालाही दिसणार का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, चिपळूणलासुद्धा. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला, मग परत मागे सारला. बाहेर साहेब दाराशी आले, 'यल्ला' म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून न म्हणताच गेले.

"काकू, हे आकडे बरे," त्या म्हणाल्या. "यांना कुणाच्या घरी जायचं नसतं."

आणि त्यांनी ते नाव टाइप केलं. स्वतः, न अडखळता, माहेरचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. वडिलांचं नाव कुणी मागितलं नव्हतं.

सोमवारी अर्ज गेला, त्यांच्या नावासकट. तेवढ्यावर शाखेनं करार वाढवला. पुढे अनुदानही मिळालं. वर्ल्ड कप आला, गावभर ढोल, झेंडे, रंगवलेले चेहरे, आणि डॉक्टर अल रुवैसच्या पायरीवर बसून शेवाळ खरवडतच होत्या. गणपतीला त्या आमच्याकडे येऊ लागल्या. कुणी माहेर-सासर विचारायला तोंड उघडलं की मी मध्ये मोदक सरकवायचे. हे प्रश्न आधी मीच विचारत असे, म्हणून कोण कधी तोंड उघडणार हे मला बरोबर कळायचं.

त्या सगळ्या प्रकरणात माझा एकच संशय खरा ठरला. त्या शुक्रवारी धक्क्यावरून परत येताना यांच्या बोटांना भाजलेल्या माशाचा वास येत होता. विचारलं तर म्हणाले, वाऱ्यावरून आला असेल.

आणि एक गंमत केली, ती साहेबांना कधी सांगितली नाही. तो संशोधकांचा क्रमांक कुणालाही काढता येतो, कुणी विचारत नाही तुम्ही काय शोधलंत. नोकरी सोडायच्या आधी, एका निवांत दुपारी, मी माझा काढला. वर सासरचं नाव, 'इतर नावं' मध्ये माहेरचं. प्रकाशनं काहीच नाहीत. परवा नातीनं तो कुठूनसा शोधून काढला आणि मला विचारलं, "आज्जी, हू इज धिस अदर लेडी?"

मी म्हटलं, तिचा मला आधीपासूनच संशय होता.